थोरलीचे नवे पाय

तीर्थरूप आत्येस,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी खराखुरा. हल्ली माझा बराचसा वेळ गाडीखाली आडवं होण्यातच जातो.) तुझा गुडघा कसा आहे? मांजरीचा कान बरा झाला का? आणि शेजारपाजारचे लोक अजूनही कुत्री घेऊन फुकट सल्ला विचारायला येतात का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझ्या कमरेची चौकशी करू नकोस, ती हकिगत पुढे येणारच आहे.

तुझं पत्र पोचलं. ‘गाडी भंगारात घाल. माझा गाडीवरचा हात गेला, आता तिचीही वेळ झाली,’ एवढंच त्यात कामाचं. बाकी सगळी आमच्याकडे न येण्याची कारणं. पावसात रस्ता निसरडा म्हणून येत नाहीस, थंडीत धुकं म्हणून येत नाहीस, आणि उन्हाळ्यात काय, तर डांबर वितळतं म्हणून! आत्या, मी शाळेत भूगोल शिकवतो. ऋतू एकूण किती असतात याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे, आणि तू त्यातला एकही शिल्लक ठेवलेला नाहीस. त्या पावसात वळणावर गाडी घसरून चरात गेली, तुला साधं खरचटलंही नाही, तरी दुसऱ्याच दिवशी तू किल्ली माझ्या हातावर ठेवलीस. तेव्हापासून फाटकाबाहेर म्हणून पडली नाहीस. अडलेली गाय सोडवायला चिखलातून, ओढ्यातून वेळी-अवेळी हीच गाडी हाकणारी जनावरांची डॉक्टरीण खिडकीशी बसून रस्ता बघत राहते, हे मला बघवत नाही. म्हणून मी ठरवलं, थोरलीला भंगारात घालायचं नाही, तिला नवे पाय लावायचे. आणि तेही असे, की तुझ्या कुठल्याच ऋतूला त्यांनी दाद देऊ नये.

(थोरली म्हणजे तुझी गाडी. हे नाव तुझ्या भाचेसुनेनं ठेवलं आहे. मी सुटीच्या दिवशी तिच्याखाली फार वेळ रमलो की ही स्वतःला धाकटी म्हणवून घेते आणि धाकटीच्या वाट्याला काय उरतं ते ऐकवते.) माझा बेत ऐकून ती म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण नाही म्हणाली नाही. अट एकच घातली, की चार टायर मिळून गाडीपेक्षा महाग पडले तर थोरली भंगारात जाईल आणि मी त्या टायरांवर झोपायला जाईन. तुला ठाऊकच आहे, ती दवाखान्याच्या औषधभांडारात काम करते. लोणी असो, मलम असो, डिंकाची बाटली असो, तारीख वाचल्याशिवाय आमच्या घरात काहीही येत नाही. (मी कसा आत आलो कोण जाणे.) मला तिचं हे फार आवडतं, पण तिच्यासमोर कबूल करत नाही.

तर टायरचं दुकान आमच्या उताराच्या रस्त्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. टायरवाला मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या आशेचा माणूस. त्यानं पहिल्यांदा मुठीएवढ्या गाठींचा एक अजस्र टायर पुढे केला आणि हा डोंगर चढतो म्हणाला. मी म्हटलं, आमची गाडी डोंगर दिसला की आपण होऊन थांबते. किंमत ऐकल्यावर मीही थांबलो. मग त्यानं जुन्यावर नवी नक्षी चढवलेले टायर दाखवले. स्वस्त, काळेभोर, चकाचक. तिथे मला तू आठवलीस. बाजारात शिंगांना तेल लावलेलं दिसलं की खिसा धरून पुढे चालायचं, हे तूच शिकवलं होतंस. मी खिसा धरून पुढे चाललो. कोपऱ्यात साध्या चेहऱ्याचे चार टायर पडले होते. कंपनीचं नाव ना त्याला उच्चारता येत होतं, ना मला. त्यांच्याबद्दल मात्र तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. म्हणाला, “हे बाराही महिन्यांचे आहेत साहेब. चिखलात तो मोठा यांच्या पुढे जाईल, कडक थंडीत थंडीचे खास टायर पुढे जातील. पण हे कुठेच नापास होत नाहीत.” आत्या, मी मास्तर आहे. अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना बक्षीस कधीच मिळत नाही आणि वर्ग त्यांच्याच जिवावर चालतो. किंमतही धाकटीच्या अटीत बसत होती.

पण लगेच पैसे मोजले असते तर मी तुझा भाचा कसला! सुट्टीत तुझं बोट धरून मी जनावरांचे बाजार हिंडलो ते काय उगाच? मालक ज्या अंगाला उभा असेल त्याच्या उलट अंगानं बघावं, असं तू म्हणायचीस. म्हणून मी टायरांच्या थप्पीच्या मागे शिरलो आणि थप्पी व भिंत यांच्यामध्ये अडकलो. (कंबर ती इथे.) मला ओढून बाहेर काढल्यावर मी तुझा शेवटचा नियम सांगितला, की चालवून बघितल्याशिवाय घेणार नाही. तो म्हणाला, गाडीला लावून देतो, चालवा. मी म्हटलं, गाडी नको, टायरच चालवून दाखवा. त्याची मिशी जागच्या जागी थिजली. शेवटी मीच टायर उभा केला, तू बैलाच्या पुठ्ठ्यावर मारायचीस तशी एक हलकी थाप मारली, आणि हा रस्ता उताराचा आहे हे मला आठवलं.

आत्या, काय त्याची चाल! ना डावीकडे झोक, ना उजवीकडे. फळांच्या गाडीला धक्का न लावता, बोलत उभ्या असलेल्या दोघांच्या मधून वाट काढत तो गेला. न्हाव्याच्या दारावरून जाताना आतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर धावलं, त्याच्यामागे वस्तरा घेऊन न्हावी (पैसे राहिले होते), त्याच्यामागे टायरवाला, आणि सर्वांत शेवटी कंबर धरून मी. पळतानाही मनात कौतुकच होतं. खाली कुणाच्या तरी बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर आपटून तो नेमका ड्यूटीवरून परत येणाऱ्या तुझ्या भाचेसुनेच्या पायाशी आडवा पडला. तिनं आम्हा चौघांकडे एकवार पाहिलं, चष्मा लावला आणि वाकून म्हणाली, “याच्यावर तारीख कुठे असते?” टायरवाल्यानं धापा टाकत कडेचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. “ताजा आहे,” ती म्हणाली, “हाच घ्या.”

इथपर्यंत तू हसली असशील. आता पुढचं नीट वाच.

नवे टायर चढवायला गाडी वर उचलली, तेव्हा हिनं सवयीनं जुन्यांचीही तारीख वाचली. वाचून चष्मा काढला आणि पुसून पुन्हा वाचली. ते टायर आमच्या लग्नाच्याही आधीचे निघाले. गोटा झाले नव्हते गं, नक्षी चांगली खोल होती, तिनंच आपल्या सगळ्यांना फसवलं. टायरवाल्यानं नख दाबून दाखवलं. लाकडावर उमटत नाही तसं ते त्यांच्यावरही उमटेना. रबर नुसतं उभ्या उभ्याही म्हातारं होतं म्हणे, आणि ओल्या रस्त्यावर असले टायर कुणाच्या बापालाही आवरले नसते. ही म्हणाली, “म्हणजे आत्यांचा हात चुकलाच नव्हता.” दात बघून जनावराचं वय सांगणारी तू. थोरलीचे दात शाबूत दिसले, म्हणून तुला ती तरणी वाटली, आणि दोष तू स्वतःच्या हाताला दिलास. इतके दिवस आम्हीही ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, याचा मला स्वतःचाच राग आला.

परवा धो धो पावसात मुद्दाम त्याच वळणावर गेलो. ब्रेक दाबला आणि थोरली सांगितल्या जागी उभी राहिली. आता चाकांचा आवाज इतका कमी झालाय, की तिच्या बाकीच्या तक्रारी स्वच्छ ऐकू येतात. मागच्या बाजूला वासरांचा वास अजून तसाच आहे. गैरसोय एकच. ड्रायव्हरची सीट तुझ्या उंचीवर अडकून बसली आहे, त्यामुळे मी गुडघे कानाशी घेऊन चालवतो. टायरवाला फुकटात तेल सोडून देतो म्हणाला होता, पण मी घाईघाईनं नको म्हटलं. आधीच त्याला बराच त्रास दिला होता.

कंबर फार वेळ बसू देत नाही, म्हणून थांबतो. मांजरीला गोंजार.

तुझा,
भूगोलवाला भाचा

ता. क. : हे पत्र धाकटीनं वाचलं. तिचं म्हणणं, न्हाव्याच्या हातात वस्तरा नव्हता, कंगवा होता. आणि त्या वळणावर मी डोळे मिटले होते. बाकी खरं आहे.

ता. क. दुसरा : रविवारी आम्ही तुला न्यायला येतोय. त्या दिवशी कुठला ऋतू पाठवायचा ते तू ठरव. चरात गेलेला पुढचा डावा टायर सोबत आणतो. तुझ्या नखानं दाबून बघ, म्हणजे तुझा विश्वास बसेल.

ता. क. शेवटचा : सीट अडकलेली नाही. एका बोटानं सरकते. तू उतरलीस तेव्हा जिथे होती तिथेच मी ती ठेवली आहे. तुझ्या फाटकापर्यंत थोरलीला मी आणतो. तिथून पुढे तू चालव.