नस गप्प झाल्यावर

सिस्टर, तुम्ही आम्हाला अर्धंच शिकवलंत. बिदरच्या आपल्या शाळेत, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी, बेडकाच्या मांडीतली पांढरी नस तुम्ही चिमट्याने दाबलीत आणि पाय उडाला. मग ती कापलीत. पुन्हा डिवचलं तरी पाय पडूनच राहिला. तुम्ही म्हणालात, "आता याला हुकूम येणार नाही. आता हा आराम करणार." मी विचारलं, "किती दिवस, सिस्टर?" तर आगाऊ म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलंत. प्रश्न काय चुकीचा होता हो?

मागच्या लग्नसराईत संतपूरला पुतणीच्या लग्नात बांगड्या भरायला बसले. कासारीण माझा पंजा दाबत म्हणाली, "अक्का, उजवा हात लोण्यावानी झालाय की! डाव्यालाच कामून अडकायल्यात?" धाकटी जाऊ लगेच, "बसून पेन्शन खायलीय, हात मऊ होणारच." मी म्हटलं, "तुझी जीभ कधी मऊ व्हायची?" बायका हसल्या. खरं सांगते, मी खूश झाले. साठीनंतर बाईच्या हाताचं कौतुक कोण करतं? घरी आले तर कुलपात किल्ली फिरेना. पाहते तर उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधे, जिथे मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा.

कलबुर्गीची डॉक्टर मूळची मुडबीकडची, मला मुलगी असती तर तिच्या वयाची. म्हणाली, कोपरापाशी नस दबलीय. मी तुमचाच धडा तिला ऐकवला: स्नायू पडून असेल, नस सुटली की उठेल. ती हसली नाही. "न्हाई मॅडम, त्यो पडून ऱ्हात न्हाई. नसेचा निरोप थांबला की पेशीच्या आत दुसरेच निरोप सुरू व्हतात. एक रेणू दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, पार केंद्रकापर्यंत. तिथं गप पडलेली जनुकं जागी व्हतात. त्यांच्यातून तयार झालेली प्रथिनं स्नायूच्याच प्रथिनांवर खुणा लावत जातात. खूण लागलेलं मोडून टाकलं जातं."

"म्हणजे स्वतःलाच खातो?"

"व्हय. नस लवकर मोकळी केली तर हे थांबू शकतं. उशीर केलात तर गेलेलं परत येत न्हाई. आणि लवकर केलं तरी सगळं येईलच, असं मी म्हणणार न्हाई."

जन्मभर ज्याला त्याला तोंडावर सुनावलं. या स्नायूला काय सुनावू? दुखत असतं तर बरं होतं, ओरडले तरी असते. करंगळीला मुंग्या येतात, बाकी काही नाही. मी चहा पिते, पेपर वाचते, आणि त्या वेळीही आत मोडतोड चालू असते. सकाळी उठले की आधी खळग्याला बोट लावते. कालच्यापेक्षा खोल वाटतो. वाटतो की आहे, तेही कळत नाही. आणि ऑपरेशनसाठी डॉक्टरला फोन लावायला घेते, टेबलावर झोपायचं डोळ्यांपुढे आलं की परत ठेवते.

हे पत्र कुठे टाकणार? कबरीला पत्ता नसतो. डॉक्टरला मी सांगून आलेय, "घरी विचारून कळवते." सिस्टर, घरात विचारायला कोणी नाही.