पहिल्या फेरीचा दिवस

मिरकरवाडा, रत्नागिरी
शनिवार, ४ सप्टेंबर १९९९

प्रिय मनू,

तुझ्या घरी कुणाच्या हाती लागू नये म्हणून सावनीच्या होस्टेलच्या पत्त्यावर टाकतोय, बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. इकडे सगळे बरे आहेत. आई बरी, बाबा बरे. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, जेटीवर पुन्हा बर्फ आणि शिव्या सुरू झाल्या. मी ठीक. झोप कमी आहे, बाकी ठीक.

तू मागच्या पत्रात एकच विचारलं होतंस, काकांशी बोललास का. मला कळतंय. पुण्याचं स्थळ गणपतीनंतर होकार मागणार, आणि तुझे बाबा जगात कुणाचं ऐकत असतील तर ते त्यांच्या धाकट्या भावाचं. काका गणपतीला दापोलीला आले आणि जेवताना ‘मुलगा बरा आहे’ एवढं म्हणाले तरी आपलं काम झालं. त्याचं सांगतोच. आधी दुसरं थोडं लिहितो, चालेल ना?

तू म्हणालीस तसे ते रोज सकाळी जेटीवर येतात. मी मुद्दाम त्यांच्या वाटेत इंजिन उघडून बसायला लागलो. दोन दिवस नुसते बघून गेले. मग एकदा थांबून म्हणाले, “तू तोच ना, दादाच्या मुलीवरून मेसमध्ये एकाचे दात पाडलेस आणि माफी मागायला नको म्हणून कॉलेज सोडलंस?” मी म्हटलं, हो. “दात किती?” म्हटलं, एक. “मग बरं आहे. दापोलीत तीनची बातमी आहे.”

तेव्हापासून बसायला लागले. मला वाटायचं, अंतराळात जाऊन आलेला माणूस म्हणजे त्याच्याकडे तेवढंच बोलायला असेल. तसं नाही गं. ते त्यांना कंटाळवाणं वाटतं. निवृत्त होऊन रत्नागिरीत आल्यापासून शाळाशाळांतून त्यांचे सत्कार झाले, सगळीकडे नारळ-शाल, आणि सगळीकडे पोरांचा एकच प्रश्न, वर संडासला कसे गेलात. आमच्या खलाशाने विचारलं, साहेब, वरून आपला भगवती किल्ला दिसला काय. म्हणाले, नाही, ढग होते. तो इतका हिरमुसला की दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, दिसला बहुतेक, समुद्रात घुसलेलं शेपटासारखं काहीतरी होतं.

ते बोलतात ते विमानांबद्दल. नवं विमान तयार झालं की पहिल्यांदा ते वर न्यायचं, काय काय बिघडतं ते बघायचं, खाली येऊन लिहून द्यायचं. बंगळूरला वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं. मला म्हणाले, “यानात मी उतारू होतो रे. शिकवलेली बटणं शिकवलेल्या वेळी दाबली. काम केलं ते विमानांत.” तिथे त्यांची पद्धत अशी की उतरल्यावर चांगलं काय ते शेवटी सांगायचं. आधी वाईट, तेही सगळ्यांसमोर, बनवणारा इंजिनीयर समोर उभा असला तरी. तिथे कुणाला त्याचा राग येत नसे म्हणे. मला खरं वाटलं नाही.

तुला माहीत आहे का, त्यांनी एकदा विमान न्यायला नकार दिला होता? मला वाटतं घरात कुणाला सांगितलेलं नाही. धावपट्टीवर उभं असलेलं विमान, समोर मांडवात मोठे पाहुणे बसलेले, आणि हे खाली उतरले. कारण विचारलं तर नीट सांगता येईना. म्हणाले, हाताला बरं लागत नाही. तासाभराने त्यांच्या मित्राने तेच विमान वर नेलं, झकास फिरवून आणलं. काही झालं नाही. मग ह्यांना दोन वर्षं विमानावरून काढून टेबलाच्या कामाला बसवलं. भित्रा म्हणाले नसतील तोंडावर, पण चहाला कुणी शेजारी बसेना.

आणि अंतराळवीर निवडायची वेळ आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं, कधी भीती वाटली का. बाकीचे म्हणाले, नाही. ह्यांनी तो दिवस सांगितला. ह्यांना घेतलं. मग रशियात जाऊन ती भाषा शिकले, गरगर फिरवणाऱ्या खुर्चीत ओकले, वर गेले, आले, गळ्यात हार पडले. मी विचारलं, मग जिंकलातच की. म्हणाले, “ते विमान बरं होतं की नव्हतं, ते मला अजून माहीत नाही.”

हे सगळं लिहीत बसलोय कारण पुढचं लिहायचं जिवावर आलंय.

आमची नवी होडी गेल्या शनिवारी पाण्यात गेली. आईचं नाव दिलंय, ‘गुणवंती’. इंजिन आणि पंखा फिरवणारा शाफ्ट मी बसवला, मनू. मिस्त्री नुसता बघायला होता. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. त्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः माझ्या कपाळाला कुंकू लावलं. पूजा झाली, नारळ फुटला, वाडीतली माणसं जेटीवर उभी. काकांना बाबांनीच बोलावलं होतं, पहिल्या फेरीला मान म्हणून.

आमच्यात रीत आहे. नारळ फुटला की होडी निघेपर्यंत कुणी वावगं बोलत नाही. कधी येणार असंसुद्धा विचारत नाही. म्हातारी माणसं खोकलासुद्धा दाबतात. हे काकांना कुणी सांगितलंच नाही. मीही नाही. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट सांगायची असते हेच सुचलं नाही.

इंजिन सुरू केलं. काका खाली वाकले, शाफ्टच्या फळीवर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले, आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं बाबांना म्हणाले, “बाबल्या, आज नेऊ नका. हाताला बरं लागत नाही.”

बाबा हात जोडून हळू म्हणाले, “साहेबानू, आज असा बोलायचा नाय.” काका समजावायला गेले, पुन्हा तेच, अजून मोठ्याने, इंजिनाचा आवाज होता ना. माझं डोकं फिरलं. मग थोडी बोलाबोली झाली.

नाही. बोलाबोली झाली नाही.

बाहेर सगळे म्हणतात की काकांचा पाय घसरला. बाबांनी वर जेटीकडे पाहून पहिल्यांदा तेच सांगितलं, ओल्या फळीवर साहेबांचा पाय घसरला. जेटीवरून नीट दिसलं नव्हतं, माणसांनी मान्य केलं. त्यांचं उजवं मनगट मोडलंय. दवाखान्यात प्लास्टर घातलं. पाय घसरला नव्हता, मनू. मी दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. तुझ्या काकांना. पडताना ते माझ्याकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. नवल होतं थोडं.

उठून त्यांनी एवढंच म्हटलं, इंजिन बंद कर. मी केलं. होडी त्या दिवशी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सगळं उघडलं. काही सापडलं नाही. सोमवारी होडी गेली, आली, तेव्हापासून रोज जातेय, पापलेटही मिळालं. जेटीवर आता काकांना हसतात. आकाशातला माणूस, त्याला पाण्यातला काय कळणार. मीच बसवलेला शाफ्ट बरोबर निघाला म्हणून मला बरं वाटायला हवं ना? नाही वाटत. कुणी हसलं की मी तिथून उठून जातो. भांडायचीही ताकद नाही उरली.

बुधवारी त्यांच्याकडे गेलो. डाव्या हाताने चहा करत होते, साखर ओट्यावर सांडलेली. मी पाया पडलो. पाय मागे घेतले नाहीत. कप पुढे केला. मग आपणहून म्हणाले, “गणपतीला दादाकडे जाणार आहे. तुझ्याबद्दल बोलेन. पोरगा कामाला चांगला आहे, शाफ्ट बरोबर बसवला होता, चूक माझी होती. आणि हाताचं विचारलंच, तर पाय घसरला.”

मी म्हटलं, तुम्ही तर म्हणता जन्मात खोटा रिपोर्ट लिहिला नाही.

त्यांनी प्लास्टर वर करून दाखवलं. “लिहायला हात कुठे आहे?”

हसलो दोघं. घरी चालत निघालो. भगवतीच्या चढाखाली दगडावर बसून राहिलो. आपल्याला हवं होतं ते मिळालं होतं ना, मनू. ते बोलतील, तुझे बाबा ऐकतील, पुण्याला नकार जाईल. काही करायचं नाही, गप्प बसायचं फक्त. पूर्वीचा मी असतो तर त्याच दिवशी एसटीत बसून तुझ्याकडे आलो असतो.

पण मग दर वर्षी गणपतीला ते आणि मी एका पंगतीत बसणार. तुझे बाबा त्यांना कौतुकाने विचारणार, गोपाळ, तुझा तो मोडलेला हात कसा आहे. आणि तो माणूस, ज्याने मोठ्या पाहुण्यांसमोर नाही म्हटलं आणि दोन वर्षं एकट्याने चहा प्यायला, तो माझ्यासाठी पुन्हा पुन्हा सांगणार, पाय घसरला. मला ते ऐकवणार नाही.

म्हणून तुझ्या बाबांनाही आज पत्र टाकलं. चारच ओळी आहेत. मी कोण, मी काय केलं, काकांनी खोटं का सांगायचं ठरवलंय. तुझं नाव त्यात घातलेलं नाही. एकाच टपालाने दोन्ही येतील. सावनीसाठी पाकिटावरच लिहिलंय, मिळाल्या मिळाल्या तुला दे, म्हणजे घरातलं पत्र फुटायच्या आधी तुला माझ्याकडून कळलेलं असेल. तुला विचारून टाकायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

तू काय करशील ते मी विचारत नाही. थांब म्हणत नाही, जा म्हणायला जीभ वळत नाही.

काका शनिवारच्या गाडीने येतील. पिशवी त्यांना उचलू देऊ नका. आपणहून ते मदत मागत नाहीत, आणि विचारलं तरी नको म्हणतात. डाव्या हाताने जेवताना लाजतात. मोदक त्यांना ताटात फोडून, वर तूप घालून द्या, आणि त्यांच्याकडे बघत बसू नका.

त्यांना ज्याने ढकललं तो,
भावेश