पद्मजेसाठी घेतलेली लेन्स

५ जानेवारी, सकाळी.
दिवाणखान्यातील पत्नीची, पद्मजेची तसबीर आज उतरवली. तेराव्याच्या घाईत खडेबाजारातील स्टुडिओवाल्या नागेंद्रने आमच्या श्रियाच्या लग्नातील ग्रुप फोटोतून तिचे डोके कापून आपल्या कॉम्प्युटरमधील तयार हिरव्या शालूवर बसवले होते. गळा तिचा नाही. पाटल्या तिच्या नाहीत. खांदे तर कोणा पैलवानाच्या बहिणीचे असावेत. दहा महिने मी एका अपरिचित बाईला उदबत्ती ओवाळत होतो.
वर्षश्राद्ध २२ फेब्रुवारीला. तोपर्यंत अचूक फोटो हवा. भावनेचा प्रश्न नाही. मी चौतीस वर्षे कॉलेजचा ग्रंथपाल होतो. चुकीची नोंद मला चालत नाही.

७ जानेवारी.
श्रियाने टोरांटोहून मोबाइलवरचे चार फोटो पाठवले. एकात पद्मजा गाऊनवर. एकात तोंडात घास. एकात हसताना डोळे मिटलेले. चौथ्यात नातवाला रागावते आहे. असे कोणी भिंतीवर लावते का? चारही अमान्य केले. श्रिया म्हणाली, “बाबा, आई अशीच होती.”

११ जानेवारी.
माझ्या हार्ड डिस्कवर नऊ हजार फोटो आहेत, स्थळानुसार वर्गीकृत. व्यक्तीनुसार वर्ग केलेला नाही. गरज भासली नव्हती. सर्व तपासले. पद्मजा पुढीलप्रमाणे आढळली: हलशीच्या देवळात सावली, गोकाकला कोपर, राजहंसगडावर ट्रायपॉड धरलेली चार बोटे. फ्रेममध्ये माणसे येऊ न देण्याचे काम तिच्याकडे असे. तिने ते चोख केले, हे मान्य करावे लागेल. परंतु “माझा एक काढा” असे ती एकदाही म्हणाली नाही. मग दोष कोणाचा?

१४ जानेवारी.
दोष झूम लेन्सचा. याविषयी पुष्कळ वाचन केले. पन्नास मिलिमीटरची प्राइम लेन्स, एफ १.८. किंमत माफक, वजन नगण्य, शार्पनेस असा की पापण्या मोजता याव्यात. मागचा पसारा आपोआप पुसट होतो, माणूस तेवढा उरतो. झूम नाही; जवळचे हवे असेल तर आपण चालत जवळ जायचे. ही शिस्त मला पटली. आजच घेतली. अशी वस्तू वीस वर्षांपूर्वी निघायला हवी होती. (निघाली होती. दुकानदाराने विनाकारण सांगितले.)

१७ जानेवारी.
लग्नातील ग्रुप फोटोची प्रिंट खिडकीशी ठेवून नव्या लेन्सने पद्मजेचा चेहरा टिपला. लेन्स उत्कृष्ट आहे. कागदाचा पोत, बुरशीचा ठिपका, बोटाचा ठसा, सर्व स्वच्छ. चेहऱ्याचा धूसरपणा अत्यंत सुस्पष्ट आला आहे. नागेंद्र म्हणाला, “अण्णा, मूळ फोटोतच काकू हलल्यात. लेन्स बिचारी काय करनार?” ती हलली, कारण नेमक्या त्याच क्षणी मी तिला हलू नकोस म्हणून सांगत होतो. सूचना योग्यच होती.

२४ जानेवारी.
निर्णय घेतला. उचगावची नीलम पद्मजेची सख्खी धाकटी बहीण. तोच चेहरा, तेच कपाळ. तिचा फोटो काढायचा. हनुवटीवरचा तीळ तेवढा नागेंद्र घालील. तीळ डावीकडे की उजवीकडे, असे त्याने विचारले. बघून सांगतो म्हणालो.

१ फेब्रुवारी, दुपारी.
उचगाव. नीलमला खिडकीच्या उजेडात बसवले. तीन फुटांवर गेलो. इतके सुरेख पोर्ट्रेट मी आयुष्यात काढले नव्हते. केसन् केस मोकळा. “लई जवळ आलासा की वो दाजी,” म्हणून ती लाजली. दोघी बहिणींचा भाऊ परशराम तिथे आला होता; तो दारातून म्हणाला, “बघा, म्हातारपणी मॉडेल झाली आमची बाई!” सगळे हसले. मीही हसलो असावा.
चहा झाल्यावर फोटोचे प्रयोजन सांगितले. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही.
नीलम ताडकन उठली. “माझ्या फोटोला हार घालतासा व्हय? माझा दादला जिता हाय, लेकरं हाईत, आनि तुमी मला भिंतीवर टांगतासा?” तिच्या सासूने मीठ-मोहऱ्या आणल्या आणि नीलमची दृष्ट काढली; चुलीत टाकताना माझ्याकडे पाहत होती. फोटो माझ्याच हातांनी डिलीट करवून घेतला. हा तांत्रिक उपाय आहे, हे मी पुनःपुन्हा समजावले.
नीलम निरोपाला बाहेरच्या सोप्यापर्यंत आली. आवाज खाली गेला होता. “दाजी, आक्का होती तवा कवा आलतासा एवढ्या जवळ?”
एस.टी.त जागा मिळाली नाही.

३ फेब्रुवारी.
परशरामचा फोन. श्राद्धाला येऊ, पण कॅमेरा दिसला तर जेवणार नाही. ग्रामीण भागात कलेविषयी गैरसमज फार.

१९ फेब्रुवारी.
नागेंद्र तसबीर परत लावा म्हणतो. “लोक हार बघत्यात अण्णा, खांदे कोन बघतंय?” ठाम नकार दिला. गुरुजींना कळवले की फोटो नसेल. ते म्हणाले, शास्त्रात फोटो कुठे सांगितलाय? विधीच्या वेळी त्यांना डोळ्यांपुढे आणा, पुरे. हे उत्तम झाले. अडतीस वर्षांचा सहवास आहे. मला कागदाची गरज नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी.
विधी यथासांग झाला. उचगावची मंडळी जेवली. नीलम बोलली नाही.
पिंडापूर्वी गुरुजींनी सांगितले, “डोळे मिटा आणि सौभाग्यवतींचे मुख आठवा.” मिटले. प्रथम स्वेटर आला, मग चपला, मग पुढे चालणाऱ्या माझ्या पाठीमागचा तिचा आवाज: जाऊ का बाजूला? बराच वेळ थांबलो. परशराम खाकरला. भात निवत होता.
गुरुजींनी विचारले, “आली का डोळ्यांपुढे?”
मी “हो” म्हणालो.