वहिनींच्या लॅपटॉपचं मूळ कारण

४ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी दादाकडे गेलो होतो. वहिनींचा लॅपटॉप चार्ज होत नाहीये. आणि पुढच्या सोमवारी त्यांचा नोकरीसाठीचा ऑनलाइन डेमो आहे. घरबसल्या मुलांना गणित शिकवायचं काम. लग्नाआधी शाळेत शिकवायच्या, मग घरात अडकल्या त्या अडकल्याच. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलंय.

दादा म्हणाला, दुकानात टाक. वहिनी म्हणाल्या, दुकान कशाला, आपले भावजी आहेत की! (त्यांचा प्रिंटर मीच सुरू करून दिला होता. म्हणजे वायर निघाली होती, ती लावली. पण लावली मीच.) मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. पिशवीत घालून घेऊन आलो.

निघताना वहिनी सांगत होत्या की त्या टेबलापाशी हल्ली इस्त्रीसुद्धा तापत नाही. मी नुसता हसलो. सामान्य माणूस दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना जोडतो आणि तिथेच फसतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०

प्लगला लावला. लगेच दिवा लागला. चार्ज होतोय.

७.२५

होतोय हे ठीक. पण का होतोय? काल होत नव्हता आणि आज होतोय, हे तर जास्तच वाईट लक्षण. ऐन डेमोत दगा दिला म्हणजे? मूळ कारण शोधलंच पाहिजे. शिवाय लगेच परत नेऊन दिला तर वहिनींना वाटणार, ह्यांनी काही केलंच नाही.

बायको म्हणाली, दिवा लागलाय ना, मग ऑफिसला जाता जाता देऊन टाका. तिला टेक्निकल बाजू समजावून सांगत बसायला वेळ नव्हता.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज रजा टाकली. लॅपटॉप उघडला. व्हिडिओ बघत बघत. व्हिडिओतला लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा होता, पण आत सगळ्यांचं सारखंच असणार. स्क्रू वाटीत काढून ठेवले. पद्धतशीर काम.

व्हिडिओतला माणूस म्हणाला, बॅटरीची पिन हळूच उचला. मी हळूच उचलली. हळूच टक् असा आवाज आला.

पुन्हा बंद केला. तीन स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे घालतात वाटतं.

प्लगला लावला. दिवा नाही. दुसरा प्लग. नाही. स्वयंपाकघरातला, मिक्सरचा. नाही.

निष्कर्ष: बिघाड आधीपासून होताच. मी तो फक्त उघडकीला आणला.

संध्याकाळी वहिनींचा फोन. म्हटलं, निदान झालंय. काय निघालं, म्हणाल्या. म्हटलं, फार आतलं आहे. तर म्हणतात कशा, बरं झालं बाई तुम्ही बघितलंत, नाहीतर ऐन वेळी तोंडघशी पडले असते.

जेवण गेलं नाही. पोट बरं नसावं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटेपासून सगळे उपाय झाले. बटण दाबून धरलं. चार्जर बदलला. चार्जिंगचं भोक ब्रशने साफ केलं. ब्रश बायकोचा निघाला. तो वेगळा विषय.

शेवटी दुकानात गेलो. दुकानदाराने उलटा करून बघितला आणि विचारलं, आधी कुणी उघडलाय का? म्हटलं, आहे एक जण आमच्या नात्यातला. तो म्हणाला, त्याला म्हणावं, पुन्हा हात लावू नकोस. म्हटलं, सांगतो.

आतला भाग तुटलाय. मागवावा लागेल. आठवडा तरी जाईल. तोवर आतलं काही मिळणार नाही. आत वहिनींच्या स्लाइड्स आहेत. महिनाभर खपून केल्यात, रंगीत.

ठरवलं, आज खरं सांगायचं. स्पष्ट. एका वाक्यात.

गेलो. वहिनींनी खोली आवरली होती. पडदे धुतलेले. टेबल खिडकीकडे वळवून ठेवलेलं. म्हणाल्या, इथे बसले की तोंडावर उजेड छान पडतो, बघा. आणि बसून दाखवलं. मी म्हटलं, वहिनी, कंपनीचाच दोष आहे. पार्ट बाहेरून यायचाय.

वहिनी समोरच्या वर्तमानपत्राच्या घड्या घालत राहिल्या. मग विचारलं, स्लाइड्स? म्हटलं, सुरक्षित आहेत. (हे खरं आहे. सुरक्षित आहेत. मिळत नाहीत, इतकंच.)

दादा म्हणाला, जाऊ दे ना, पुढच्या वेळी बघ. मला दादाचा असा राग आला! खरं तर स्वतःचा यायला हवा होता. पण समोर दादा होता.

माझा ऑफिसचा लॅपटॉप द्यावा असंही मनात आलं. पण त्यावरून बाहेर व्हिडिओ कॉल लागत नाही. खरंच लागत नाही. ह्या आठवड्यातलं माझं हे एकमेव खरं कारण, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही, कारण आता माझा मलाच भरवसा वाटत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसातून लवकर निघून दादाकडे. म्हटलं, वहिनी, डेमो फोनवरून द्या. सराव करू. मी विद्यार्थी होतो. हे प्रायश्चित्त वगैरे नव्हे. मदत.

वहिनींनी बिस्किटांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. स्लाइड्स नाहीत म्हणून कागदाच्या पट्ट्या कापल्या. विषय अपूर्णांक. विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? म्हटलं, चतुर्थांश. चार मोठे. त्यांनी पट्ट्यांना घड्या घालून दाखवलं. समजलं? म्हटलं, समजलं. मग विचारलं, एक पंचमांश की एक सप्तमांश? म्हटलं, सप्तमांश.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, भावजी, समजलं नसेल तर नाही म्हणावं. मी म्हटलं, मी मुद्दाम चुकलो. मुलं अशीच चुकतात. म्हणाल्या, हो का.

९ नोव्हेंबर, शनिवार

गेलो तर दारात इलेक्ट्रिशियन. निघालाच होता. आत दादा त्या टेबलापाशी शर्टाला इस्त्री करत होता, आणि इस्त्री चांगली चरचरत होती. वहिनी म्हणाल्या, भावजी, प्लगच मेलेला होता हो, बदलून घेतला. मी म्हटलं, वा वा! आणि पाणी मागितलं.

पाणी देताना म्हणाल्या, तुमच्याकडे लावला तेव्हा दिवा लागला होता का हो?

म्हटलं, लागला होता. पण नीट नव्हता लागला.

नीट नव्हता म्हणजे?

म्हटलं, मंद होता.

वहिनी म्हणाल्या, असं. मग पट्ट्या घेऊन बसलो. त्यांना काही संशय आलाय असं वाटत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आज सांगायचंच. सकाळी आरशासमोर वाक्य बसवलं: "वहिनी, लॅपटॉप मी मोडला." दाढी करताना अगदी सहज येत होतं.

दुपारभर सराव. वहिनी काय सुरेख शिकवतात! आवाज खणखणीत. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांना असं मोठ्याने बोलताना मी ऐकलंच नव्हतं. दादा दोनदा दारात येऊन उभा राहिला. एकदा तर उत्तरही देऊन गेला. चुकीचं.

मध्येच वहिनींनी विचारलं, समजलं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नाही. वहिनींचा चेहरा असा खुलला! उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या, एकच पट्टी दोघांनी धरली, पुन्हा पहिल्यापासून. जितके जास्त वाटेकरी, तितका वाटा लहान. ह्या वेळी खरंच समजलं. चाळीस वर्षं मी हे बिनदिक्कत उलटं समजत होतो.

आरशासमोरचं वाक्य राहिलं. डेमोच्या आदल्या दिवशी माणसाचं मन का बिघडवायचं? वहिनींच्या भल्यासाठीच गप्प बसलो. रस्ताभर स्वतःची लाज वाटत होती, पण ती दमल्यामुळे असेल.

११ नोव्हेंबर, सोमवार

११.०० डेमो सुरू झाला असेल.

११.०५ कामात लक्ष नाही. त्या स्लाइड्स असत्या तर.

११.४० वहिनींची नोकरी गेली तर ती मी घालवली. दुसरं कुणी नाही. लिहून ठेवतो, कारण उद्या मी असं म्हणणार नाही.

१२.२० वहिनींचा मेसेज: झालं.

नुसतं झालं? बरं झालं, की व्हायचं ते झालं?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मिळाली! नोकरी मिळाली! वहिनी फोनवर रडल्या, मी ऑफिसच्या जिन्यात रडलो. नवा लॅपटॉप तेच लोक पाठवणार आहेत. बाकी सगळ्यांनी स्लाइड्स दाखवल्या म्हणे. कागदाच्या पट्ट्या एकट्या वहिनींच्या. त्याच आवडल्या.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. लॅपटॉप चालू असता तर वहिनींनीही स्लाइड्सच दाखवल्या असत्या. म्हणजे नीट पाहिलं तर ह्या यशात माझा वाटा आहे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हेच जाऊन वहिनींना सांगा बघू.

तिच्या बोलण्यात हल्ली खोच असते.

१७ नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. नेऊन दिला. बायकोही बरोबर आली. स्लाइड्स सगळ्या जागच्या जागी. उरलेले तीन स्क्रू खिशात घेऊन गेलो होतो. ते टेबलावर ठेवायचे म्हणजे वाक्य आपोआप सुरू होईल, असा बेत.

चहा झाला. वहिनी दादाला डेमोची हकिगत सांगत होत्या. त्या लोकांनी शेवटी विचारलं म्हणे, एखादं मूल समजलं नसताना समजलं म्हणालं, तर काय कराल? वहिनी म्हणाल्या, मी सांगितलं, रागवायचं नाही. खोटं पकडलं असं दाखवायचंही नाही. तोच प्रश्न जरा वेगळा करून पुन्हा विचारायचा. आपणहून नाही म्हणेपर्यंत विचारत राहायचं. ते लोक म्हणाले, बराच अनुभव दिसतो. म्हटलं, आत्ताच तीन दिवस एकाला शिकवलंय.

दादाने विचारलं, कुणाला?

आहे एक नात्यातला, म्हणाल्या.

मी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला. मग वहिनी माझ्याकडे वळल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, बरं भावजी, ह्या लॅपटॉपला नक्की काय झालं होतं हो?

खिशात हात घातला. स्क्रू हाताला लागले. दादा बघत होता, बायको बघत होती.

मी म्हटलं, कंपनीचा दोष.

बायकोने कपाळाला हात लावला. वहिनी मात्र रागावल्या नाहीत. कप उचलता उचलता म्हणाल्या, असू दे. पुढच्या रविवारी या. पुन्हा विचारीन.

पुढच्या रविवारी बहुतेक माझं पोट बिघडणार आहे.