कुंपणापलीकडची देवकी

लाटंबार्से,
शनिवार, ११ ऑगस्ट १९८४

प्रिय विनोदिनी,

सलाम. तुझी दोन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. पाकिटावरचं तुझं अक्षर दिसलं की मला राग येतो, आणि हा राग आजचा नाही.

सावंतवाडीला अप्पा रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे शास्त्र वाचायला तुलाच उभी करायचे. मी सात वर्षांनी मोठी, अध्यायच्या अध्याय मला पाठ. पण माझा आवाज घशातच राहायचा. तू अडखळलीस तरी लोक कौतुकाने ऐकायचे. मी मागच्या बाकावर बसून तुझ्या चुका मोजायचे. लग्न होऊन, गोवा मुक्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी, आम्ही इथे आलो. तुझे भावोजी खाणीवर ट्रक चालवू लागले. घर लहान, गाव परका, तरी मला बरं वाटलं. म्हटलं, इथे तरी तू नाहीस.

कुंपणापलीकडे देवकीचं घर. पहिल्याच आठवड्यात तिने विहिरीवर मला पुढे घेतलं, बाकीच्या बायका थांबल्या होत्या तरी. प्रकाशच्या बाळंतपणात मला ताप होता, तेव्हा बाळाला आंघोळ तिने घातली. चवथीला तिच्याकडून नेवऱ्या-करंज्यांचं ताट यायचं, नाताळात माझ्याकडून जायचं. वीस वर्षं असं चाललं. एवढ्या वर्षांत मी तिला प्रभूबद्दल एक शब्द बोलले नाही. मला काय ठाऊक नव्हतं? लढाया, दुष्काळ, भूकंप, वर्तमानपत्रातली प्रत्येक बातमी कापून मी वहीत चिकटवायचे आणि संदेष्ट्यांनी सांगितलेल्या चिन्हांशी ताडून बघायचे. तुझ्या भावोजींना रोज रात्री जेवताना सांगायचे की प्रभू परत यायला दिवस थोडे उरलेत. एकदा ते म्हणाले, हे तू मलाच का सांगतेस, मला तर ठाऊक आहे. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग या मार्चमध्ये तू सुट्टीवर आलीस. तिसऱ्या दिवशी देवकीबरोबर काजू वेचायला गेलीस, साडी खोचून, जन्मभर तेच काम केल्यासारखी. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. बोंडं पिळता पिळता तू तिला येशूची गोष्ट सांगत होतीस, साधीच, तुझ्या मिरजेच्या इस्पितळातल्या एखाद्या रोग्याची सांगावी तशी. ती मध्येच म्हणाली, "मगे तो परत कधी येतलो?" तू हसलीस. म्हणालीस, "दिवस मलाही ठाऊक नाही. म्हणून तर आजच सांगते." मी ओलं लुगडं हातात धरून तशीच उभी राहिले. माझी सगळी वही तू दोन वाक्यांत संपवलीस. तुझं बोलणं चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. ते चुकलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसायची आणि "विनोदिनी खंय?" विचारायची. माझ्या पायरीवर, विनोदिनी. तू गेल्यावरही विचारायची. तू ठेवून गेलेलं शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक ती बोट ठेवून वाचायची आणि अडलं की म्हणायची, विनोदिनी आली की विचारीन. मी शेजारीच बसलेली असायचे. मला येत होतं ते.

जुलैत तिचं पोट दुखायला लागलं. आता ती म्हापशाच्या इस्पितळात आहे. डॉक्टरांनी तिच्या लेकाला, गोकुळदासला, बाजूला घेऊन सांगितलं की आशा ठेवू नका. दोन आठवड्यांपूर्वी तो माझ्या दारात आला. म्हणाला, "आवशीन विनोदिनी मावशीक बोलावल्यान हा. तां पुस्तक तिच्याच तोंडातसून ऐकूचा म्हणता." मी म्हटलं, आजच लिहिते. लिहिलं नाही. चार दिवसांनी त्याने विचारलं तेव्हा पत्र टाकलं म्हणून सांगितलं. शास्त्र वाचणारी बाई, आणि त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

काल शुक्रवारी मी स्वतःच गेले, पिशवीत शास्त्र घेऊन. मनात म्हटलं, आता मीच वाचून दाखवते, शेवटी तरी ती माझं ऐकेल. वॉर्डात शिरले तर तिने आधी माझ्या मागे पाहिलं, तू आहेस का म्हणून. मी वाचायला बसले. आवाज पुन्हा घशात गेला, पण वाचलं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "सुमंगला, ह्या सगळा तुका आधीपासून ठावक होता?" मी हो म्हटलं. "मगे वीस वर्सां माका कित्याक सांगूक नाय?" मी म्हटलं, भीती वाटली, तू ताट घेणं बंद केलं असतंस तर. तिने माझा हात धरला. म्हणाली, "इतकीच वळखलंस माका?" अप्पा पहारेकऱ्याबद्दल शिकवायचे: तलवार येताना दिसूनही जो कर्णा वाजवत नाही, त्याच्या माथी दोष. तो पहारेकरी मीच असेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना तिने पुन्हा तुझंच नाव घेतलं. खरं सांगते विनोदिनी, तेव्हाही मला टोचलं. आत्ता लिहितानाही टोचतंय. ते जाईल तेव्हा जाईल, त्यासाठी देवकी थांबणार नाही. तुझे भावोजी उद्या पहाटेच्या गाडीने मिरजेला येतायत, हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. वाचून झालं की रजा टाक आणि त्यांच्याबरोबरच निघ. आधी घरी येऊ नकोस, थेट इस्पितळात जा. मी तिथेच असेन, खुर्ची तुझ्यासाठी सोडून. गोकुळदासला मी आज संध्याकाळी खरं सांगणार आहे. आणि तू पोचेपर्यंत देवकीला रोज मीच वाचून दाखवीन, माझ्या याच आवाजात.

तुझीच,
सुमंगलाताई