एकदाच आलेला शब्द

निपाणी

चि. उपासना,

जयभीम. हे पत्र तुझ्या बेळगावच्या शाळेच्या पत्त्यावर टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

पास्टर बायबल आपल्या बोलीत आणतायत. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, म्हणून काल मला बोलावलं होतं. त्यात एक विधवा सासू आपल्या विधवा सुनांना सांगते, लग्नावाचून राहू नका, परत माहेरी जावा. त्या लग्नावाचून राहण्यासाठीचा हिब्रू शब्द अख्ख्या बायबलात एकदाच येतो. पुढं त्यावरूनच यहुदी धर्मात, लग्नाच्या बेडीत अडकलेल्या, दुसरं लग्न करता न येणाऱ्या बाईला नाव पडलं.

"बाई, आपल्यात काय म्हणत्यात ह्याला?" पास्टरांनी विचारलं.

"थांबून ऱ्हाणं," मी म्हटलं.

"थांबणं मर्जीचं असतंय की. ह्यो कोंडून घालण्याचा शब्द हाय."

मला पुढं वाचवेना. माझा लेक दीपंकर जाऊन दोन वर्षं झाल्यावर तुझ्या शाळेतल्या ढाले सरांची आक्का बेळगावच्या खासबागेतून इथं तुला मागणी घालायला आलती. तू शाळेत होतीस. "तिच्या मनात न्हाय," असं मीच सांगितलं आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. तू दुसरं लग्न करून गेलीस तर या घरात मी एकटी, एवढंच मला दिसत होतं.

गेल्या वर्षी सरांचं लग्न झालं. तू मला हौसेनं सोबत नेलंस. मी दोनदा जिलेबी घेतली. तू मात्र ताटाला हातही लावला नाहीस.

"आत्याबाई, डोकं दुखतंय," म्हणालीस.

ती मागणी मीच परतवली हे तुला ठाऊक होतं का गं, एवढंही मला विचारवलं नाही.

तुझी अपराधी सासू,
सुगंधा