मोटारीची तहान

मु. खोलेवाडी, ता. पलूस, जि. सांगली
६ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची खुशाली मामींनी फोनवर सांगितली, पण तुमच्याशी बोलायला फोन काय कामाचा? मी इकडून घसा फोडायचा आणि तुम्ही तिकडून नुसतं हां हां करायचं! धरणावरच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करता करता त्यांच्या आवाजानं तुमचे कान नेले, म्हणून आपली पत्रंच बरी. अक्षराला हसू नका.

सृष्टी यंदा पहिलीत बसली. जयराजच्या पलटणीची बदली सिक्कीमला झाली, तिथून दिवाळीशिवाय सुट्टी नाही. घरी आम्ही दोघी आणि आबा.

काळजी आहे ती आबांचीच. माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा सांगलीला असतं, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या कोयनेचं पाणी सोडलं की इकडे कृष्णा फुगते, पूल बुडतो आणि वाडीचं बेट होतं. मागच्या महापुरानंतर गावानं वर्गणी काढून बोट घेतली, मागं लावायची छोटी मोटार घेतली. तेव्हापासून मोटार आबांच्या ताब्यात आहे. परवा नदीत उतरवून बघितली, तर सुरू झक्कास झाली आणि जरा वेळानं तापून बंद पडली. बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडायची, ती पडतच नाही. (त्या धारेला इथली पोरं काय म्हणतात ते मी वडीलधाऱ्यांना लिहिणार नाही.)

सांगलीचा मेकॅनिक जुलै सरल्याशिवाय मोकळा नाही, आणि आबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. मामा, मला झोप लागत नाही. मोटारीला काय झालं असेल?

मामींना नमस्कार. भाचीवर माया आहेच, ती या पत्राच्या उत्तरात दिसू दे.

आपली,
शिवांजली


सावरवाडी, बामणोलीशेजारी, जि. सातारा
१२ जून

चि. सौ. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कान गेले, डोळे शाबूत आहेत. पत्र दोनदा वाचलं. पोरांच्या त्या धारेला आम्हीही इथं तेच म्हणतो, लाजू नकोस.

धार नाही म्हणजे पंप गेला. मोटारीच्या पायात, पंख्याच्या वरच्या अंगाला, एक रबरी चक्री असते. ती नदीचं पाणी वर ओढते आणि इंजिन गार ठेवते. त्या चक्रीला पाणी हेच वंगण. कोरडी फिरली की चहा गाळेपर्यंत तिचा कोळसा होतो. आता मला खरं सांग, मोटार कुणी पाण्याबाहेर चालू केली होती का? तुमच्या एवढ्या नव्या मोटारीची चक्री उगाच जात नाही.

तुझ्या सासऱ्यांना, नाथाजी पाव्हण्यांना, माझा रामराम सांग, आणि धीर सोडू नकोस. तू माझ्या शेडमध्ये पाने द्यायला बसायचीस, तेव्हा न मागता बरोबर नंबरचा पाना पुढं करायचीस. मी ते विसरलो नाही.

घरच्या सगळ्यांना आमची आठवण.

तुझा,
तात्याबा मामा


खोलेवाडी
१८ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं! पण सापडलं तिथंच दुखणं आहे. खंडेनवमीला लोक कोयता-कुदळ पूजतात, तशी आबा दर वर्षी मोटार पूजतात. देवळापुढं लाकडी घोडीवर टांगतात, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि मग सगळ्या गावाला आवाज ऐकवायला दोरी ओढतात. एरवी लगेच बंद करायचे. गेल्या वर्षी पलीकडच्या गावची मंडळी बघायला आली होती. आबांना चढला जोर, आणि आरती संपेपर्यंत मोटार कोरडी धडधडत राहिली. धूर निघाला तो लोकांना धुपाचा वाटला.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं आणि चुकले. आबा भडकले. पूजेनं कवा काय जळतंय व्हय, असं म्हणून ताटावरून उठले. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, सृष्टीमार्फत चहा मागतात. मोटार बाईनं उघडायची नाही हेही तिच्याकडूनच कळवलं.

मामा, मी ती उघडणार. रुसले तर रुसू देत, माणूस तर राहील! चक्री पाठवा आणि कसं करायचं ते लिहा. मोटारीवरचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय.

रागावू नका, पाठीशी राहा.

आपली,
शिवांजली


सावरवाडी
२५ जून

चि. सौ. शिवांजलीस,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास! चक्री, झाकणाचं पॅकिंग आणि माझा छोटा पाना एसटीच्या पार्सलनं पाठवलाय. पलूस स्टँडवरून घे.

प्लगच्या वायरी आधी काढ, हे पहिलं. मग पायाचे बोल्ट सोड, पाय सरळ खाली येईल. शाफ्टवर पंपाचं झाकण दिसेल. आतली जुनी चक्री काढताना अर्ध्या चंद्रासारखी लोखंडी चावी निसटेल, ती जप. नवी चक्री साबणाचं पाणी लावून, शाफ्ट सुलट फिरवत बसव. आणि नीट ऐक, जुन्या चक्रीची रबरी पाती जुळवून बघ. एखादं तुटून कमी असलं तर ते वरच्या नळीत अडकलंय. ते सापडल्याशिवाय झाकण लावू नकोस.

आता पाव्हण्यांचं. त्यांची चूक काढत बसू नकोस. पूजा चुकीची नाही, मोटार तहानलेली होती इतकंच. देव उपास सोसतो, मोटार सोसत नाही. हे त्यांना सांगू नकोस, तुझ्यापुरतं ठेव.

काम झालं की लगेच कळव. तुझ्या पत्राची वाट बघत मी रोज पोस्टमनला चहा पाजतोय.

तुझा,
मामा


खोलेवाडी
५ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

धार पडली! आधी हे लिहिते, मग बाकीचं रामायण.

पाय उतरला. चावी गवतात पडली ती सृष्टीनं हुडकली. जुनी चक्री करपलेल्या भाकरीसारखी चुरा होत होती. एक पातं कमी होतं. तुम्ही बजावलं होतं, तरी मला वाटलं जळून भुगा झालं असेल. घाई झाली होती. झाकण लावलं, पिंपात पाणी भरून मोटार त्यात बुडवली, दोरी ओढली. धार आली ती थेंबथेंब. बघणारे बायकाबाप्ये हसले. मी तिथंच खाली बसले, मामा. वाटलं, मोटार हे बाईचं काम नाही असं सगळं गाव म्हणतं तेच खरं.

तेवढ्यात आबा ओट्यावरून उठले. सायकलचा जुना स्पोक घासून टोकाला वाकवून आणला आणि माझ्या हातात दिला. स्वतः बॅटरी धरून उभे राहिले. मी पुन्हा सगळं खोललं, नळीत स्पोक घातला आणि ते पातं बाहेर ओढलं. आता दोरी ओढली तशी धार अशी उडाली की पहिल्या रांगेतल्या हसऱ्यांचे सदरे भिजले. आबा खो खो हसले. मग सृष्टीला न सांगता, मलाच चहा मागितला.

तुमचा पाना परत पाठवणार नाही. तो आता माझा.

अशीच कृपादृष्टी ठेवा, कान गेले तरी.

तुमची,
शिवांजली


खोलेवाडी
दसरा

रा. रा. तात्याबा पाव्हण्यांस,
नाथाजीचा मनापासनं रामराम.

मी पत्र लिवत न्हाई. पलटणीतल्या पोरालाबी सूनच लिवती. पण ह्ये तिच्याकडनं लिवून घेण्यासारखं न्हाई, म्हणून सोता बसलोय. चुकलं-माकलं समजून घ्या.

श्रावण सरता सरता पूल बुडाला. पाव्हणं, तुमच्या कोयनेनं पाणी पाठवलं, पण तुमी त्याच्या आदी चक्री पाठवली, म्हणून मी ह्ये लिवाय हाय. माझी शुक्रवारची फेरी व्हती. गावातली पोरं हँडल धराय पुढं आली. मी म्हणालो, जिनं पंप बसवला तीच चालवंल. सून पदर खोचून मागं बसली. पाणी लय माजलं व्हतं, वरनं बाभळी व्हात येत व्हत्या. लोक म्हणत्यात आबा घाबरून मागं बघत व्हता. आवं, घाबरतोय कशाला! मी मागं वळून धार बघत व्हतो. आन धारंच्या वर तिचं तोंड. पोरीची नजर पाण्यावरनं हलली न्हाई. पलीकडं रस्त्याला लावली बोट, गाडीनं सांगली गाठली. असं तीन टायमाला नेलं-आणलं मला. येताना दुसऱ्यांचीबी म्हातारी, बाळंतिणी, औषधं आणली.

काल खंडेनवमी झाली. मी अजून म्हणतो, पूजेनं काय जळत न्हाई. पण पिंप मीच भरला, काठोकाठ. मोटार त्यात बुडवली, माळ घातली, तुमचा पानाबी ताटात ठेवला. नारळ दर साली मी फोडतो. औंदा तिच्या हातात दिला. ती न्हाई न्हाई म्हणत व्हती, मग फोडला एका दणक्यात. दोरीबी तिनंच ओढली.

पलीकडच्या गावाचीबी मोटार तापून बंद पडती म्हणं. त्यांची माणसं आली, इचारलं, तुमचा मिस्त्री कोण. मी म्हणालो, शिवांजली. आमची सून असं म्हणालो न्हाई. सून म्हटलं की लोक माझ्याकडं बघत्यात. नाव घेतलं की तिच्याकडं बघत्यात. बघू देत लेकाचे!

तिला असं घडवलंसा, आन आमच्या घरात दिलीसा. ह्ये सोनं घ्या म्हणून पाकिटात आपट्याचं पान घातलंय. दिवाळीला या, कान न्हाईत तर न्हाईत, धार डोळ्यांनी बघा.

तुमचा पाव्हणा,
नाथाजी